वडिलांच्या डीटीपी फाइली, बाइट आणि असेम्ब्ली: सुरुवात कुठून करावी?

प्रश्न थोडक्यात असा. डोंबिवलीचा एक तिसऱ्या वर्षाचा कॉम्प्युटर इंजिनिअरिंगचा विद्यार्थी विचारतो: "ताई, वडिलांचा गिरगावात डीटीपीचा व्यवसाय होता. लग्नपत्रिका, मंडळांचे अहवाल, एक-दोन दिवाळी अंक, सगळं फ्लॉपी आणि सीडींवर पडून आहे. उघडलं की इंग्रजी अक्षरांचा नुसता चिवडा दिसतो. यावर हौस म्हणून काही करता येईल का? मला एन्कोडिंग आणि लो-लेव्हल कोड शिकायचाय. असेम्ब्लीपासून सुरुवात करू का? मित्र म्हणतात, प्लेसमेंटला याचा उपयोग शून्य."

असेम्ब्लीपासून (प्रोसेसरच्या थेट सूचनांच्या भाषेपासून) नको, फाइलींपासून सुरुवात कर. या विषयाची हौस लागलेली बरीच मुलं यूटीएफ-८ चा (युनिकोड, म्हणजे जगभरच्या अक्षरांना दिलेले क्रमांक, बाइटमध्ये लिहायची आजची रूढ पद्धत) डीकोडर लिहितात, त्याचा वेग मोजतात, गिटहबवर टाकतात आणि तिथेच थांबतात. पुढे काय करायचं ते सुचत नाही, कारण त्या कोडला खायला घालायला खराखुरा बिघडलेला मजकूर त्यांच्याकडे नसतो. तुझ्या घरी तो खोक्यात भरून ठेवलाय.

आधी फ्लॉपींचं. एकेक फाइल कॉपी करत बसू नकोस. यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह मिळव आणि लिनक्सवर 'डीडी'ने (बाइट जसेच्या तसे उतरवणारी आज्ञा) प्रत्येक फ्लॉपीची पूर्ण इमेज काढ. जे सेक्टर वाचता येत नाहीत तिथे शून्यं भरायला सांग, म्हणजे पुढचे बाइट जागेवरून सरकणार नाहीत. त्यानंतर सगळं काम त्या इमेजवरच. मुंबईच्या हवेत चकतीला बुरशी धरते. पत्र्याची झडप सरकवून बघ, पांढरे ठिपके दिसले तर ती फ्लॉपी बाजूला ठेव. ड्राइव्हमध्ये घातलीस तर हेड घाण होईल आणि तिच्यामागून येणाऱ्या चांगल्या फ्लॉपीही ओरखडतील.

आता बाइट बघ. हेक्स डंप (फाइलचे बाइट आकड्यांत) काढ आणि २० ओळींचा प्रोग्राम लिहून कोणता बाइट किती वेळा येतो ते मोज. हा तुझा पहिला लो-लेव्हल प्रोग्राम, आणि तो किती काम करतो बघ. (आकडे मी दशमानात सांगते, हेक्स तू करून घे.) २२४-१६४ आणि २२४-१६५ या जोड्या सारख्या दिसल्या तर ते सरळ यूटीएफ-८ आहे. जवळजवळ प्रत्येक दुसरा बाइट ९ असेल तर यूटीएफ-१६, जुन्या नोटपॅडमध्ये 'युनिकोड' म्हणून सेव्ह केलेली फाइल. खालचा अर्धा भाग साधा आस्की (इंग्रजी अक्षरांचे ० ते १२७ क्रमांक) आणि बाकी गर्दी १६१ ते २५० मध्ये, त्यातही २३२ भरपूर, असं असेल तर आयस्की, म्हणजे १९९१ चं भारतीय मानक आयएस १३१९४. २३२ म्हणजे तिथला हलन्त. आणि कंस, अर्धविराम, अवतरणचिन्हं, कॅपिटल-स्मॉल अक्षरं यांची बेसुमार गर्दी असेल तर तो जुना फॉन्ट.

आयस्की निघालं तर नशीब समज. युनिकोडची देवनागरी त्याच्याच १९८८ च्या आवृत्तीवरून मांडलेली आहे, त्यामुळे रूपांतर जवळजवळ बेरजेचं आहे. क चा बाइट १७९, युनिकोडमधला क्रमांक २३२५, फरक २१४६. हाच फरक य पर्यंत चालतो. र पासून ह पर्यंत तो २१४५ होतो, कारण आयस्कीने य आणि र यांच्यामध्ये नुक्तावाला य़ बसवला आणि युनिकोडने तो उचलून शेवटी नेला. म्हणून सरसकट एक आकडा मिळवणारा कोड अर्धा मजकूर बरोबर देतो आणि अर्ध्यात प्रत्येक व्यंजन एकाने चुकवतो. सरळ टेबल कर.

डीटीपीवाल्यांकडे मात्र आयस्की क्वचितच सापडेल. तिथे श्री-लिपी, आकृती किंवा सीडॅकच्या आयएसएमचे फॉन्ट असण्याची शक्यता जास्त. प्रत्येकाची मांडणी वेगळी, पण तत्त्व एकच: बाइट म्हणजे अक्षर नाही, बाइट म्हणजे शाईचा एक तुकडा. उदाहरणाला कृतिदेव घेते, कारण त्याची मांडणी टाइपरायटरची आहे आणि टायपिंगच्या क्लासला गेलेल्या कुणालाही ती पाठ असते. त्यात 'मराठी' हा शब्द फाइलमध्ये असा पडलेला असतो: ई, जे, के, कॅपिटल बी, एच. पाच बाइट, पाचही आस्की. इथवर सोपं वाटतं. आता 'ख' बघ. त्याच्यासाठी दोन बाइट लागतात: उघडा चौकोनी कंस आणि के. कंस म्हणजे अर्धा ख, आणि के म्हणजे उभी रेघ. पण हाच के 'का'मध्ये काना असतो. 'खा' लिहायला कंस, के, के. पहिला के अक्षराचा दांडा, दुसरा काना. भ, थ, ण, श यांचंही असंच आहे. म्हणजे एका बाइटला एक अक्षर असं टेबल चालत नाही. सगळ्यात लांब जुळणारा तुकडा आधी शोधायचा, तो नसेल तर त्याहून छोटा.

खरी मजा ऱ्हस्व वेलांटीला येते. कागदावर ती अक्षराच्या डावीकडे असते, म्हणून टायपिस्टने ती आधी टाइप केली. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते. 'स्थिती' या शब्दात फाइलमधला क्रम आहे: वेलांटी, अर्धा स, अर्धा थ, दांडा, त, दीर्घ वेलांटी. पहिली वेलांटी नुसती एका व्यंजनापुढे ढकलली तर ती स आणि थ यांच्यामध्ये जाऊन बसते. ती हातात धरून ठेवायची, सगळी अर्धी व्यंजनं आणि शेवटचं पूर्ण व्यंजन संपेपर्यंत, आणि मग सोडायची. रफाराचं नेमकं उलट. कागदावर तो शेवटी, डोक्यावर येतो, उच्चारात मात्र आधी. 'मूर्ती'मध्ये फाइलचा क्रम म, दीर्घ उकार, त, दीर्घ वेलांटी आणि मग रफार असा आहे. रफार दिसला की मागे चालत जायचं, आधी स्वरचिन्ह ओलांडायचं, मग व्यंजन, आणि जोडाक्षर असेल तर तेही अख्खं, आणि त्याच्या आधी 'र' व हलन्त घालायचे. हे सगळं स्टेट मशीन म्हणून लिही, म्हणजे आत्ता हातात काय धरलंय ते लक्षात ठेवून एकेक बाइट पुढे जाणारा प्रोग्राम. रेगेक्सच्या (शोधा-आणि-बदला नियमांच्या) दहा-बारा रिप्लेसमेंट एकामागोमाग लावणारे कन्व्हर्टर जालावर भरपूर आहेत. एकाची दुरुस्ती दुसऱ्याच्या पायात येते आणि रफार व वेलांटी एकाच अक्षरावर आले की ते गडबडतात.

फॉन्टची मांडणी कुठून मिळवायची? त्या सीडीवर फॉन्टच्या टीटीएफ फाइली असतील, त्या फॉन्टफोर्ज या फॉन्ट-संपादकात उघडल्या की कोणत्या खणात कोणता तुकडा आहे ते डोळ्यांना दिसतं. पण तुला लो-लेव्हल शिकायचंय ना? मग ती टीटीएफ स्वतःच वाच, सी मध्ये, कुठलीही लायब्ररी न घेता. पहिले चार बाइट ०, १, ०, ०. त्यानंतरचे दोन बाइट म्हणजे आत किती टेबलं आहेत तो आकडा, आणि तो बिग-एंडियन आहे, म्हणजे मोठा बाइट आधी. तुझा लॅपटॉप इंटेलचा असेल तर तो लिटल-एंडियन, म्हणजे प्रत्येक आकड्याचे बाइट उलटे करून घ्यायचे. मग 'सीमॅप' नावाचं टेबल शोधायचं, कोणत्या क्रमांकाला कोणता तुकडा ते त्यात असतं. असे बरेच जुने फॉन्ट स्वतःला 'सिंबॉल' फॉन्ट म्हणवतात, त्यामुळे त्यांचे खण ० ते २५५ ऐवजी ६१४४० पासून सुरू होतात. हे माहीत नसेल तर फॉन्ट रिकामा आहे असं वाटून माणूस हात टेकतो.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. पेजमेकरमधून (डीटीपीचं पानं जुळवायचं सॉफ्टवेअर) मजकूर बाहेर काढताना साध्या टेक्स्टमध्ये काढू नकोस, आरटीएफमध्ये काढ. पत्रिकेत फोन नंबर असतात, 'डॉ.'च्या पदव्या इंग्रजीत असतात, हॉलचं नाव इंग्रजीत असतं. साध्या टेक्स्टमध्ये इंग्रजीचा के आणि कृतिदेवचा काना हे हुबेहूब एकच बाइट आहेत, वेगळे ओळखायची सोय नाही. आरटीएफमध्ये फॉन्टचं टेबल असतं आणि कुठल्या तुकड्याला कुठला फॉन्ट लावलाय ते कळतं. ती माहिती एकदा गेली की अंदाजावर यावं लागतं.

आता सीडींवर अलीकडच्या काळातल्या फाइलीही असतील, ईमेलमधून किंवा एक्सेलमधून फिरून आलेल्या, ज्यात डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी 'ए' आणि चलनाचं ते गोल चिन्ह ओळीने येत राहतं. तो मूळचा यूटीएफ-८ मजकूर, कुणीतरी विंडोज-१२५२ (विंडोजचं पश्चिम युरोपीय भाषांसाठीचं एका-बाइटचं एन्कोडिंग) समजून वाचलेला. म हा अक्षर-क्रमांक २३५०, आणि यूटीएफ-८ मध्ये त्याचे तीन बाइट २२४, १६४, १७४. १२५२ मध्ये २२४ म्हणजे तो रेघेचा ए, १६४ म्हणजे चलनाचं चिन्ह. गणित हातानेच करून बघ: १६४ मधून १२८ वजा केले की ३६, १७४ मधून वजा केले की ४६. ३६ गुणिले ६४ म्हणजे २३०४, अधिक ४६, झाले २३५०. २३०४ ही नेमकी देवनागरीच्या विभागाची सुरुवात आहे, आणि विभाग १२८ जागांचा, म्हणजे ६४ च्या दोन पट्ट्या. पहिल्या पट्टीचा मधला बाइट १६४, दुसरीचा १६५. पट्टी बदलते ती ऱ्हस्व आणि दीर्घ वेलांटीच्या मध्ये: ऱ्हस्व २३६७, बाइट २२४-१६४-१९१, आणि दीर्घ २३६८, बाइट २२४-१६५-१२८.

असा मजकूर सहसा उलटा फिरवून दुरुस्त होतो. पण १२५२ मध्ये पाच बाइटना अर्थच दिलेला नाही: १२९, १४१, १४३, १४४ आणि १५७. मराठीत ते कुठे येतात बघ. १६५ नंतर १२९ म्हणजे ऱ्हस्व उकार. १६५ नंतर १४१ म्हणजे हलन्त! १६४ नंतर १४३, १४४, १५७ म्हणजे ए, ऐ, झ. ब्राउझर हे पाच बाइट गुपचूप पुढे पाठवतो, म्हणून वेबवरून बिघडलेला मजकूर पूर्ण परत मिळतो. पायथॉनचा सीपी-१२५२ डीकोडर तिथे एरर देतो, आणि कुणी 'एरर आली तर सोडून दे' असं लिहून ठेवलं असेल तर सगळे ऱ्हस्व उकार आणि सगळी जोडाक्षरं जातात. दुसरा सापळा १६० चा. तो 'ठ'चा तिसरा बाइट आहे, आणि १२५२ मध्ये १६० म्हणजे न तुटणारी स्पेस. मध्ये कुणी 'जादा स्पेस साफ' करणारी स्क्रिप्ट चालवली की 'मराठी'तला ठ गेला. 'भ'चा तिसरा बाइट १७३, म्हणजे अदृश्य हायफन, त्याचीही तीच गत. म्हणून तुझ्या दुरुस्तीच्या प्रोग्रामने २२४-१६४ किंवा २२४-१६५ नंतर पुढचा बाइट बेपत्ता दिसला तर तो कोणता असू शकतो याची छोटी यादी धरून शब्द सुचवावा. पण जिथे २३९-१९१-१८९ दिसतील तिथे नाद सोड. ते 'अक्षर कळलं नाही'चं चिन्ह आहे, मूळ बाइट तिथे पुसला गेलाय.

एवढं झाल्यावर यूटीएफ-८ चा डीकोडर लिही, कारण आता तो कशासाठी लिहितोयस ते तुला कळेल. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये हे एन्कोडिंग आखलं तेव्हा ते सहा बाइटपर्यंत जायचं. २००३ मध्ये ते चारवर आणलं. नियम थोडे आहेत पण काटेकोर पाळायचे: १९२, १९३ आणि २४५ पासून पुढचे बाइट कधीच येता कामा नयेत, आणि २२४ नंतरचा बाइट १६० पेक्षा कमी असला तर नाकारायचा. सी मध्ये बाइट नेहमी 'अनसाइन्ड चार'मध्ये ठेव. इंटेलवर साधा 'चार' साइन्ड असतो, २२४ चा -३२ होतो आणि टेबलाचा इंडेक्स टेबलाच्या मागे जातो. तोच कोड रास्पबेरी पायवर (एआरएमचा छोटा कॉम्प्युटर, तिथे 'चार' अनसाइन्ड असतो) बिनबोभाट चालतो, म्हणून हा बग फार उशिरा सापडतो. टेस्टला युनिट टेस्ट चार-पाच लिहून थांबू नकोस. तीन बाइटांच्या सगळ्या शक्यता १ कोटी ६७ लाख आहेत, कॉम्प्युटरला त्या किरकोळ. सगळ्याच चालव आणि पायथॉनच्या उत्तराशी ताडून बघ.

मग ये असेम्ब्लीकडे, आणि तीही आधी वाचायला शीक. तुझाच सी कोड कंपाइलर एक्सप्लोरर या वेबसाइटवर टाक (तो गॉडबोल्ट नावाच्या माणसाने केलाय, आपले गोडबोले नव्हेत) आणि -ओ२ (कोड वेगवान करायची खूण) लावून काय निघतं ते ओळीओळीने बघ. लिहायला घ्यायचं असेल तर एक छान छोटं काम आहे: मजकुरात किती युनिकोड क्रमांक आहेत ते मोजणं. अक्षराच्या पहिल्या बाइटनंतरचे जोडबाइट सगळे १२८ ते १९१ मध्ये असतात. ते सोडून बाकीचे मोजले की झालं. हेच बाइट साइन्ड म्हणून बघितले तर -१२८ ते -६५ होतात, म्हणजे अट उरते एकच: -६५ पेक्षा मोठा आहे का? एव्हीएक्स२ ची (इंटेल प्रोसेसरच्या, अनेक बाइटवर एकदम चालणाऱ्या सूचना) एक तुलना ३२ बाइटना एकदम ही अट लावते, दुसरी सूचना उत्तराचे बिट गोळा करते, तिसरी ते मोजते. एआरएम प्रोसेसरच्या निऑन या तशाच सूचनांमध्ये बिट गोळा करणारी तशी सूचना नाही, तिथे वेगळा विचार करावा लागतो, आणि तो करण्यातच शिकायला मिळतं.

वेगाबद्दल माझं मत सांगते. अख्खी फ्लॉपी १.४४ एमबीची, ती साध्या लूपनेही डोळ्याचं पातं लवायच्या आत संपते. तिच्यासाठी सिमडी (अनेक बाइटवर एकदम चालणाऱ्या या सूचना) म्हणजे शुद्ध हौस, आणि हौसेला मोल नसतं. खरा वेग मोजायचा तर मराठी विकिपीडियाचा डंप उतरवून घे. त्यावर एक गोष्ट दिसेल जी इंग्रजीवर मोजणाऱ्यांना दिसत नाही. बरेच डीकोडर 'आठ बाइट आस्की असतील तर झटकन पुढे' या युक्तीवर पळतात. मराठीत तीन-तीन बाइटांची अक्षरं आणि मध्येच एका बाइटची स्पेस, त्यामुळे ती युक्ती लागू पडत नाही आणि पुढे कोणती वाट घ्यायची हा प्रोसेसरचा अंदाजही शब्दागणिक चुकू शकतो. फांद्या (इफ-एल्स) नसलेला, टेबलावर चालणारा डीकोडर इथे उजवा ठरतो का, ते स्वतः मोजून बघ.

हार्डवेअरची आवड असेल तर लॅमिंग्टन रोडवरून ईएसपी३२ ची चिप आणि १२८ बाय ६४ ची छोटी ओलेड स्क्रीन आण आणि तिच्यावर 'मुंबई सेंट्रल' आण. स्क्रीनची सगळी मेमरी १०२४ बाइट, एक बाइट म्हणजे उभे आठ ठिपके. एक सल्ला ऐक: जोडाक्षरं जुळवणारं इंजिन त्या चिपवर लिहायला जाऊ नकोस. लॅपटॉपवर हार्फबझ या जोडाक्षरं जुळवणाऱ्या लायब्ररीकडून नाव आखून घे, त्याचा बिटमॅप कर आणि तो चिपमध्ये भर. स्टेशनांची नावं काही रोज बदलत नाहीत. (बदलतात कधी कधी, पण तेवढं चालतं.)

प्लेसमेंटचं म्हणशील तर 'मी एन्कोडिंगवर हौस केली' या वाक्याला खरंच कोणी विचारणार नाही. पण मुंबईत बँका, विमा, सरकारी कामं करणाऱ्या कंपन्यांत मराठी नावं अर्ध्यात तुटणं हे नेहमीचं दुखणं आहे. कॉलमची मर्यादा बाइटमध्ये, नाव अक्षरांत, आणि शेवटच्या अक्षराचा एकच बाइट आत राहिलेला. मराठी एसएमएस १६० ऐवजी ७० वर का संपतो हेही बऱ्याच अनुभवी लोकांना सांगता येत नाही: १४० बाइट, दर अक्षर-चिन्हाला दोन. अशा बगवर बोट ठेवणारा पोरगा मुलाखतीत लक्षात राहतो. मी स्वतः उमेदवारांना 'मराठी' या शब्दाची लांबी विचारते. तीन, पाच, पंधरा, तिन्ही उत्तरं बरोबर आहेत. कोणतं कशासाठी, ते सांगता आलं पाहिजे.

शेवटी दोन खास मराठी खोडी, ज्या कन्व्हर्टर पूर्ण झाला असं वाटल्यावर भेटतात. 'दऱ्या'मधला ऱ दोन प्रकारे लिहिता येतो: २३५३ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह ८२०५. दिसायला सारखे, शोधायला वेगळे, आणि युनिकोडचं नॉर्मलायझेशन (समान रूपं एक करायचा नियम) त्यांना एक करत नाही. तसाच ॲ. तो २००८ मध्ये युनिकोड ५.१ मध्ये आला. त्याआधीचे लोक अ वर चंद्र लावून काम भागवायचे आणि काही कीबोर्ड अजूनही तसंच करतात. तेही एक होत नाहीत. तुझ्या प्रोग्रामने एक रूप निवडायचं आणि बाहेर पडताना सगळं त्याच रूपात काढायचं.

सुरुवात दिवाळी अंकापासून करू नकोस, लग्नपत्रिकेपासून कर. मजकूर पानभर, शब्द ठरलेले, आणि कन्व्हर्टरच्या सगळ्या अवघड जागा त्यात आयत्या आहेत. 'श्री'मधल्या श्र चा स्वतंत्र खण, 'निमंत्रण'मध्ये वेलांटी आणि त्र, 'कृपया'चा ऋकार, 'चि. सौ. कां.'मधली टिंबं, आणि 'आशीर्वाद', जिथे रफाराला काना ओलांडून व च्या आधी जायचंय. वडिलांकडे छापील पत्रिकांचे नमुने असतील, ते मागून घे आणि ओळ न् ओळ त्यांच्याशी ताडून बघ.